बिझनेस सॉफ्टवेअरच्या सपोर्टमध्ये पहिली नोकरी: टिकेट उघडल्यापासून बंद करेपर्यंत

मोबाइलवर गाणं लागलं नाही तर माणूस वैतागतो आणि दुसरं ॲप उघडतो. पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये महिनाअखेरीला 'प्रोसेस'चं बटण चालेनासं झालं तर तशी सोय नसते. सपोर्टला लिहिणाऱ्या माणसामागे पगाराची वाट पाहणारे सगळे कर्मचारी उभे असतात, डोक्यावर साहेब असतो आणि बँकेला फाइल पाठवायची वेळ टळत चाललेली असते. हिशेब, पगार, मालाचा साठा, विक्रीची नोंद, हजेरी यांसाठी कंपन्या जे सॉफ्टवेअर वापरतात, त्याच्या सपोर्टचं वेगळेपण हेच. त्यामुळे या कामात नवख्याने सगळ्यात आधी एकच शिकावं असं मला वाटतं: समोरच्याचं नेमकं कोणतं काम अडलंय ते ओळखणं. बिघाड कुठे आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

पहिल्या पायरीवर, म्हणजे ज्याला एल१ म्हणतात तिथे, रुजू होणाऱ्यांसाठी हा लेख आहे. या कामाला प्रोग्रामिंग यायलाच हवं असं नाही. नीट वाचता येणं, साधं आणि नेमकं लिहिता येणं, आणि एखादी गोष्ट का होत नाही हे शोधताना न कंटाळणं, एवढ्या भांडवलावर सुरुवात होते. मुलाखतीतही बहुधा हेच तपासतात. चिडलेल्या ग्राहकाचा मेल देऊन त्याला उत्तर लिहायला सांगतात, किंवा 'कॅश (ब्राउझरने पान लवकर उघडावं म्हणून साठवून ठेवलेली प्रत) म्हणजे काय ते संगणकाची फारशी माहिती नसलेल्या माणसाला समजावून सांगा' म्हणतात. या दोन्हींचा सराव घरी लिहून करून जा.

१. आधी सॉफ्टवेअर ग्राहकासारखं वापरा

ट्रेनिंगमध्ये स्क्रीनमागून स्क्रीन दाखवतात. त्याने कोणतं बटण कुठे आहे ते कळतं, ते बटण कोण कधी आणि का दाबतं ते कळत नाही. म्हणून डेमो अकाउंट मागून घ्या आणि एक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करा. हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर ग्राहक तयार करा, कोटेशन द्या, त्याचं इन्व्हॉइस करा, अर्धेच पैसे जमा दाखवा, थोडा माल परत आला म्हणून क्रेडिट नोट काढा आणि शेवटी रिपोर्टमध्ये बाकी बरोबर दिसते का ते पाहा. मग मुद्दाम चुका करा. तारीख पुढच्या वर्षाची टाका, तेच इन्व्हॉइस दोनदा करा, पैसे जमा झालेलं इन्व्हॉइस डिलीट करून पाहा. सॉफ्टवेअर कुठे अडवतं, कुठे निमूटपणे चूक होऊ देतं आणि कोणत्या शब्दांत इशारा देतं ते लिहून ठेवा. ग्राहक तुम्हाला पुढे तेच शब्द पाठवणार आहेत.

त्याच डेमोमध्ये सगळ्यात कमी अधिकारांचा दुसरा युजर तयार करा आणि त्याच्या नावाने लॉगिन करा. मेनूतली कितीतरी बटणं गायब झालेली दिसतील. 'मला ते बटण दिसतच नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा रोल आणि परमिशन असतात किंवा त्या कंपनीने घेतलेला प्लॅन असतो. तुम्ही स्वतः कायम ॲडमिनच्या अकाउंटवर काम करत असाल तर हे तुमच्या लवकर लक्षात येणार नाही.

दुसरा अभ्यास जुन्या, बंद झालेल्या टिकेटांचा (टिकेट म्हणजे ग्राहकाची नोंदवलेली एक तक्रार किंवा विचारणा). एका उत्तरात संपलेली टिकेटं सोडा. ज्यांत सात-आठ वेळा पत्रव्यवहार झालाय अशी निवडा आणि खरा प्रश्न कोणत्या मेलमध्ये उघड झाला ते शोधा. तो चौथ्या मेलमध्ये उघड झाला असेल तर पहिल्याच मेलला कोणता प्रश्न विचारला असता तर मधले मेल टळले असते, ते लिहा. असं केल्यावर आठवडाभरात तुमच्या हाती तुमच्या प्रॉडक्टसाठीची प्रश्नांची यादी येईल, आणि ती ट्रेनिंगच्या पुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

ज्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर आहे त्याची भाषाही शिकून घ्या. ओपनिंग बॅलन्स, जावक-आवक, रजेचा शिल्लक कोटा, लीडचं डीलमध्ये रूपांतर हे शब्द ग्राहक सहज वापरतो. 'म्हणजे काय?' असं तुम्ही त्याला विचारलंत की त्याचा विश्वास डळमळतो. तोच प्रश्न शेजारच्या सीनियरला दहा वेळा विचारायला काहीच हरकत नाही.

२. टिकेट वाचताना तीन गोष्टी शोधा

लिहिणारा कोण आहे, त्याचं काय अडलंय आणि ते कधीपर्यंत व्हायला हवं.

लिहिणारा माणूस सॉफ्टवेअर विकत घेणारा असेलच असं नाही. रोज नोंदी करणारा क्लार्क, त्या कंपनीतला ॲडमिन, मालक आणि बाहेरचा हिशेबनीस या चौघांना एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं द्यावी लागतात. सेटिंग बदलण्याचा अधिकार ज्याला नाही त्याला सेटिंग बदलण्याच्या पायऱ्या पाठवून उपयोग नाही. 'हे तुमच्या कंपनीच्या ॲडमिनला करावं लागेल, त्यांना पाठवायचा मजकूर खाली देतोय' असं लिहिलं तर त्याचं काम पुढे सरकतं.

काय अडलंय हे ओळखणं मात्र अवघड असतं, कारण ग्राहक बऱ्याचदा आपली अडचण सांगत नाही. त्याने स्वतः शोधलेला उपाय तो विचारतो. समजा प्रश्न आला: 'सगळी इन्व्हॉइस एकदम डिलीट कशी करायची?' उत्तर सोपं वाटतं. यादीत सगळी निवडा, डिलीट दाबा. पण एखादा माणूस आपली सगळी इन्व्हॉइस डिलीट का करायला निघालाय? विचारलंत तर कळतं की त्याने काल एक्सेलमधून नोंदी इम्पोर्ट केल्या आणि तारखांमध्ये दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली. ३ एप्रिलचं इन्व्हॉइस ४ मार्चला जाऊन बसलं. त्याला डिलीट करायची पद्धत सांगितली असती तर आधीची, बरोबर असलेली इन्व्हॉइसही गेली असती, क्रमांकांच्या मालिकेत खिंडार पडलं असतं आणि भरून झालेल्या कराच्या आकड्यांशी पुस्तकं जुळली नसती. खरा उपाय म्हणजे कालचा इम्पोर्ट तेवढा मागे घेणं किंवा तारखा दुरुस्त करून त्याच नोंदी अपडेट करणं. म्हणून डिलीट, रीसेट, मर्ज, बल्क असे शब्द दिसले की उत्तर देण्याआधी कारण विचारायचंच, हा नियम मी तरी कधी मोडू देणार नाही.

वेळेचं भान ठेवायला प्रायॉरिटी असते. पी१ म्हणजे अनेकांचं काम पूर्ण ठप्प आणि दुसरा मार्ग नाही. पी४ म्हणजे विचारणा किंवा सूचना. मधल्या दोनांची व्याख्या प्रत्येक कंपनी आपापली करते. बिघाड केवढा मोठा आहे आणि तो किती तातडीचा आहे, या वेगळ्या गोष्टी आहेत हे मात्र ध्यानात असू द्या. इन्व्हॉइसवर कंपनीच्या नावाचं स्पेलिंग चुकणं हा बिघाड म्हणून किरकोळच, पण तासाभरात ते इन्व्हॉइस मोठ्या गिऱ्हाइकाला जाणार असेल तर काम तातडीचं.

३. प्रश्न एकदाच विचारा, पण पुरते विचारा

'रिपोर्ट चालत नाही.' एवढंच वाक्य आलं तर त्याचे किमान पाच अर्थ निघतात: रिपोर्टचं पान उघडत नाही, उघडतं पण रिकामं येतं, आकडे चुकीचे दिसतात, डाउनलोड होत नाही, किंवा ठरलेल्या वेळी मेलने यायचा तो आला नाही. यातल्या प्रत्येकाची वाट वेगळी.

सुट्या मेलमधून एकेक प्रश्न विचारत बसलात तर ग्राहकाचा पूर्ण दिवस जातो, आणि बारा प्रश्नांचा फॉर्म पाठवलात तर तो त्यातल्या दोनांचीच उत्तरं देतो. तीन-चार प्रश्न, आणि ते का विचारताय याचं एक वाक्य, हे प्रमाण बरं पडतं. असं:

'मार्च महिन्याचा विक्री रिपोर्ट रिकामा येतोय असं मी समजतोय. चुकत असेन तर सांगा. कारण लवकर सापडावं म्हणून एवढं कळवाल का: हा रिपोर्ट शेवटचा नीट कधी दिसला होता? तुमच्या ऑफिसमध्ये इतर कोणाला तो दिसतोय का? आणि रिपोर्ट उघडलेला असताना वरच्या पत्त्याच्या पट्टीसह पूर्ण स्क्रीनचा स्क्रीनशॉट पाठवा, म्हणजे कोणते फिल्टर लागले आहेत तेही मला दिसेल.'

पहिल्या वाक्यात आपण काय समजलो ते सांगितलंय. समज चुकीची असेल तर तिथेच दुरुस्त होते. 'शेवटचं नीट कधी चाललं होतं, आणि मधल्या काळात काय बदललं?' हा तर माझ्या मते सपोर्टमधला सर्वांत मोलाचा प्रश्न. नवा कर्मचारी आला, ब्राउझर अपडेट झाला, कोणी रोल बदलला, बँक बदलली, असं काहीतरी हमखास निघतं.

एररचा मजकूर जसाच्या तसा मागा, आठवणीतून सांगितलेला नको. घटनेची वेळ विचाराल तेव्हा ती कोणत्या टाइम झोनमधली हेही विचारा. सर्व्हरचे लॉग, म्हणजे काय घडलं याच्या त्याने ठेवलेल्या नोंदी, बहुधा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असतात. ग्राहक एका देशात, तुम्ही दुसऱ्या आणि लॉग तिसऱ्याच वेळेत, अशा गोंधळात भलत्याच तासाच्या नोंदी चाळल्या जातात.

४. बिघाडाभोवतीचं वर्तुळ लहान करत जा

कारण एकदम ओळखायचा प्रयत्न करू नका. आधी वर्तुळ आखा. एकाच युजरला त्रास आहे की सगळ्यांना? एकाच नोंदीवर की सगळ्या नोंदींवर? एकाच ब्राउझरमध्ये की सगळीकडे? ऑफिसच्या नेटवर्कवरच की मोबाइलच्या इंटरनेटवरही? एकाच युजरला असेल तर रोल, ब्राउझर किंवा त्याचा संगणक. सगळ्यांनाच असेल तर कंपनीची सेटिंग किंवा आपला सर्व्हर. अशा वेळी हात घालण्याआधी आपलं स्टेटस पेज, म्हणजे सेवा चालू आहे की बंद ते दाखवणारं पान, पाहा. सेवाच बंद (आउटेज) असताना ग्राहकाला कॅश साफ करायला सांगणं त्याच्या वेळेचा अपमान आहे.

ब्राउझरवर संशय असेल तर इन्कॉग्निटो विंडोत उघडून पाहायला सांगा. तिथे जुन्या कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) आणि जुनी कॅश नसते, आणि एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी ॲप, सहसा बंद असतात. तिथे चाललं तर दोष बहुधा यांपैकीच एकाचा. कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबलं की बहुतेक ब्राउझरमध्ये पान साठवलेल्या प्रतीऐवजी नव्याने आणलं जातं.

एररसोबत तीन आकडी कोड दिसतो, त्यांपैकी मोजके पाठ असावेत. ४०१ म्हणजे लॉगिन झालेलं नाही किंवा संपलंय. ४०३ म्हणजे सर्व्हरने विनंती ओळखली, पण परवानगी नाही. ४०४ म्हणजे ती गोष्ट त्या पत्त्यावर नाही. ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार विनंत्या आल्या. दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडणी केलेल्या ग्राहकांकडे हा दिसतो. ५००पासून पुढचे कोड सर्व्हरच्या बाजूचे: ५०० म्हणजे आत काहीतरी फुटलं, ५०३ म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही, ५०४ म्हणजे मधल्या सर्व्हरला पुढून वेळेत उत्तर मिळालं नाही. चारशेच्या घरातला कोड दिसला तर आधी ग्राहकाच्या बाजूचे अधिकार आणि सेटिंग तपासा, पाचशेच्या घरातला दिसला तर आपल्या बाजूचे लॉग.

आता ज्या तक्रारी पुन्हापुन्हा येतात त्यांच्याविषयी थोडं विस्ताराने, कारण एल१चा बराचसा दिवस यांतच जातो.

लॉगिन. पासवर्ड बरोबर आहे, पण ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड स्वीकारला जात नाही. हे कोड वेळेवरून तयार होतात आणि साधारण दर ३० सेकंदांनी बदलतात. फोनचं घड्याळ पुढे-मागे असेल तर कोड चुकीचा ठरतो. फोनमध्ये तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' करायला सांगा. आणि ज्या कंपनीत सिंगल साइन-ऑन (कंपनीच्या एकाच लॉगिनने सगळी सॉफ्टवेअर उघडण्याची सोय) आहे तिथे आपण पासवर्ड रीसेट करूच शकत नाही. तो पासवर्ड त्यांच्या आयटी विभागाच्या ताब्यात असतो.

मेल पोहोचला नाही. आपल्या सॉफ्टवेअरमधून गेलेलं इन्व्हॉइस ग्राहकाच्या गिऱ्हाइकाला मिळालं नाही, ही तक्रार नाजूक, कारण त्यात पैसे अडकलेले असतात. मेल लॉग पाहा. समोरच्या मेल सर्व्हरचं उत्तर ५ने सुरू होत असेल तर नकार कायमचा, म्हणजे पत्ता चुकीचा किंवा मेल अडवलेला. ४ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आणि सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. एकदा बाउन्स झालेला, म्हणजे मेल परत आलेला, पत्ता अनेक मेल सेवा स्वतःच वगळण्याच्या यादीत टाकतात. तो तिथून काढावा लागतो. ग्राहक स्वतःच्या डोमेनवरून मेल पाठवत असेल तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या डीएनएसमधल्या (डोमेनची माहिती ठेवतात तिथल्या) नोंदी तपासा; मेल खरंच त्या डोमेनचा आहे का हे त्यांवरून तपासलं जातं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,०००हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या, आणि मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्या ग्राहकाच्या तक्रारीचं मूळ कधी कधी तिथेच सापडतं.

इम्पोर्ट. एक्सेल आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) यांच्यात जेवढी माहिती बिघडते तेवढी इतर कुठे बिघडत नसेल. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडून सेव्ह केली तरी कोडच्या सुरुवातीची शून्यं उडतात. पंधरापेक्षा जास्त अंकांचा आकडा असेल तर पंधराव्यानंतरच्या अंकांची शून्यं होतात, म्हणून लांब खातेक्रमांक 'टेक्स्ट' म्हणूनच आणावे लागतात. तारखांची अदलाबदल वर सांगितलीच. देवनागरी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसली तर फाइल यूटीएफ-८मध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) सेव्ह झालेली नाही, किंवा उघडताना तशी वाचली गेलेली नाही. आणि ओळींची मर्यादा असते: जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६, नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. हे पुस्तकी ज्ञान वाटेल. पण २०२० साली इंग्लंडमध्ये सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या आठवडाभरातले १५,८४१ कोविड रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले, ते जुन्या फॉरमॅटमधल्या याच मर्यादेमुळे. 'निम्म्याच नोंदी आल्या' असं ग्राहक म्हणाला तर त्याच्या मूळ फाइलमध्ये किती ओळी आहेत ते सगळ्यात आधी विचारा.

एका पैशाचा फरक. याला क्षुल्लक समजू नका; हिशेबनिसाच्या दृष्टीने पुस्तक जुळलं नाही म्हणजे नाही. एका इन्व्हॉइसवर १०.४६च्या तीन ओळी आहेत आणि कर १० टक्के आहे असं धरा. प्रत्येक ओळीचा कर १.०४६, म्हणजे १.०५, तिन्हींचा ३.१५. पण एकूण ३१.३८वर कर काढला तर ३.१३८, म्हणजे ३.१४. दोन्ही गणितं बरोबर आहेत, राउंडिंग कुठे केलं एवढाच फरक. तुमचं सॉफ्टवेअर कोणत्या पद्धतीने चालतं आणि ती सेटिंगमधून बदलता येते का, हे पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा.

५. उत्तर असं लिहा की वाचणाऱ्याला काम करता येईल

पहिल्या वाक्यात उत्तर. नंतर पायऱ्या. नंतर, त्याने भागलं नाही तर काय कळवायचं ते. बटणांची नावं स्क्रीनवर जशी आहेत तशीच लिहा. स्क्रीनवर 'सेटलमेंट' असेल तर उत्तरात 'भरणा' लिहू नका. पायऱ्या पाठवण्याआधी ग्राहकाच्या रोलच्या युजरने त्या स्वतः एकदा करून पाहा.

दोन उत्तरं ताडून पाहा. एक: 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपली समस्या आमच्यासाठी महत्त्वाची आहे. कृपया सेटिंग तपासून पाहावी.' दुसरं: 'रिपोर्ट रिकामा येण्याचं कारण सापडलं: त्यावर मुख्य शाखेचा फिल्टर लागलाय, आणि मार्चची विक्री दुसऱ्या शाखेत नोंदलेली आहे. रिपोर्टच्या वर उजवीकडे ब्रँच आहे, तिथे ऑल निवडा आणि अप्लाय दाबा. मी तुमच्या नोंदी तपासल्या, सगळी विक्री जागेवर आहे.' दुसऱ्यात माफीचा शब्दही नाही, तरी वाचणाऱ्याच्या जिवात जीव येतो. त्याला खरी भीती होती ती माहिती नाहीशी झाल्याची, आणि शेवटच्या वाक्याने ती घालवली.

तयार उत्तरं, म्हणजे मॅक्रो, वापरावीत. रोज तेच टाइप करण्यात शहाणपणा नाही. पण मॅक्रो टाकल्यावर ग्राहकाने आधीच करून पाहिलेल्या पायऱ्या त्यातून काढा. 'मी हे केलंय' असं ज्याने लिहिलंय त्याला तेच परत करायला सांगितलं की आपण त्याचा मेल वाचलेला नाही हे तो ताबडतोब ओळखतो.

बग कधी दुरुस्त होईल याची तारीख देऊ नका. ती तुमच्या हातात नाही. पुढचा निरोप कधी देणार ती वेळ द्या, कारण ती तुमच्या हातात आहे, आणि ती पाळा. त्या वेळेपर्यंत नवं काही कळलं नसेल तर तसंच कळवा. गप्प राहण्याने जेवढा विश्वास जातो तेवढा वाईट बातमीने जात नाही.

सॉफ्टवेअरमध्ये एखादी सोय नसेल तर 'नाही' असं स्पष्ट लिहा, आणि जवळचा वर्कअराउंड, म्हणजे काम भागवायची दुसरी वाट, असेल तर त्याच्या मर्यादेसकट द्या. 'लवकरच येईल' हे वाक्य कोणीतरी जपून ठेवतं आणि करार वाढवायच्या वेळी समोर ठेवतं.

चिडलेल्या ग्राहकाशी बोलताना त्याच्या रागाला उत्तर देऊ नका, त्याच्या कामाला द्या. 'पगार आज निघायला हवेत हे मला कळतंय. आधी आजचे पगार कसे निघतील ते पाहू, चूक का झाली ते नंतर शोधू' एवढ्याने बोलण्याची पट्टी बदलते. शिवीगाळ सुरू झाली तर ऐकून घेत बसायचं कारण नाही. अशा वेळी काय करायचं याचा प्रत्येक टीममध्ये नियम असतो, तो आधीच विचारून ठेवा आणि सीनियरला बोलवा.

आणखी एक सवय. टिकेटच्या खिडकीत ग्राहकाला जाणारं उत्तर आणि टीमपुरती इंटर्नल नोट या दोन्ही एकाच चौकटीत लिहितात. पाठवण्याआधी चौकटीचा रंग पाहा. आणि इंटर्नल नोटमध्येसुद्धा ग्राहकाने वाचलं तर लाज वाटेल असं काही लिहू नका.

६. पुढे पाठवताना पूर्ण पाठवा

आपल्याला सुटत नाही ते एल२कडे, म्हणजे पुढच्या पायरीवरच्या जाणत्या टीमकडे, देणं हा कामाचाच भाग आहे, कमीपणा नाही. मात्र एल२ला ग्राहकाला पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागलं तर ती एस्केलेशन अपुरी. बग कळवताना एवढं असावं:

– एका वाक्यात अडचण, आणि त्यामुळे ग्राहकाचं कोणतं काम थांबलंय
– ती पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या, क्रमाने
– काय व्हायला हवं होतं आणि काय झालं
– अकाउंट, युजरचा रोल, ब्राउझर आणि त्याची आवृत्ती, घटनेची वेळ टाइम झोनसह, एररसोबत आलेला रिक्वेस्ट आयडी (त्या विनंतीचा क्रमांक)
– डेमोमध्ये घडलं की नाही
– काय काय करून पाहिलं, आणि वर्कअराउंड आहे का

डेमोमध्ये घडत नसेल तर तेही लिहा, ती मोलाची माहिती आहे. बिघाड त्या ग्राहकाच्या डेटाशी किंवा सेटिंगशी जोडलेला आहे असं त्यातून सुचतं. 'कधी कधी होतं' असं न लिहिता 'दहापैकी तीन वेळा झालं' असं लिहा, म्हणजे त्यासाठी दहा वेळा करून पाहावं लागेल.

एसएलए म्हणजे करारात दिलेल्या वेळेचं बंधन. त्यात पहिल्या उत्तराची वेळ आणि प्रश्न सुटण्याची वेळ वेगवेगळ्या असतात. सेवा सुरू राहण्याचे आकडेही ग्राहक विचारतात, त्यांचा अर्थ माहीत हवा: ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात साधारण ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा, ९९.९९ टक्के म्हणजे जेमतेम सव्वाचार मिनिटं. नुकसानभरपाईबद्दल मात्र स्वतःहून एक अक्षर लिहू नका, तो विषय अकाउंट मॅनेजरचा.

७. समोरचा खरंच तोच आहे का

सपोर्टच्या माणसाला फसवून आत शिरणं हा चोरांचा जुना मार्ग आहे, आणि नवीन माणूस मदत करायला उत्सुक असतो म्हणून त्यालाच गाठतात. पासवर्ड किंवा ओटीपी कधीही मागायचा नाही. ग्राहकाने आपणहून पाठवला तर तो टिकेटमधून काढून टाकून बदलायला सांगायचा. 'आमचा ॲडमिन नोकरी सोडून गेला, त्याच्या जागी माझा मेल टाका' ही विनंती खरीही असते आणि खोटीही. ठरलेल्या पडताळणीशिवाय ती पुरी करायची नाही, फोनवर माणूस कितीही रडकुंडीला आला तरी. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, बंद करून देण्याचंही तसंच.

अवघड बिघाडासाठी ग्राहकाकडून एचएआर फाइल मागवतात, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात जे काही आलं-गेलं त्याची पूर्ण नोंद. तिच्यात कुकी आणि सेशन टोकन असू शकतात, आणि ते हाती लागले की पासवर्डशिवाय आत जाता येतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑक्टा या लॉगिन सेवा देणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या सपोर्ट यंत्रणेत शिरलेल्या कोणीतरी ग्राहकांनी अपलोड केलेल्या फाइली पाहिल्या, आणि त्यांतल्या काही एचएआर फाइलींमध्ये असे टोकन होते. ते वापरून काही ग्राहकांच्या चालू सेशनमध्ये शिरकावही झाला. म्हणून फाइल मागताना आतली गुपितं काढून कशी पाठवायची ते सांगा, पाठवल्यावर लॉगआउट करायला सांगा, आणि काम झाल्यावर ती डिलीट करा.

ग्राहकाच्या नावाने आत जाऊन पाहायची सोय तुमच्याकडे असेल तर आधी त्याची संमती घ्या. टिकेटचा मजकूर किंवा ग्राहकाचा डेटा कंपनीने मान्यता न दिलेल्या एआय चॅटबॉटमध्ये पेस्ट करू नका, मग नुसतं उत्तर नीटनेटकं करून घ्यायचं असलं तरी. आणि चॅटबॉटने सुचवलेल्या पायऱ्या डेमोमध्ये करून पाहिल्याखेरीज पुढे पाठवू नका. अस्तित्वातच नसलेलं बटण तो तितक्याच खात्रीने सांगतो.

८. आकडे, आणि पुढची वाट

तुमचं काम सीसॅट (ग्राहकाने दिलेले समाधानाचे गुण), पहिल्या उत्तराला लागलेला वेळ आणि दिवसाला बंद केलेली टिकेटं यांवर मोजलं जाईल. सुरुवातीला संख्या कमी भरेल, त्याने खचू नका. स्वतःपुरता मात्र पुन्हा उघडलेल्या टिकेटांचा आकडा पाहत जा. बंद केलेलं टिकेट दोन दिवसांनी परत आलं तर आपण उत्तर दिलं होतं, काम केलं नव्हतं. अशी टिकेटं आठवड्यातून एकदा काढून वाचा.

एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला की त्यावर मदतलेख लिहा, आणि ग्राहकाने वापरलेलेच शब्द त्याच्या शीर्षकात घाला, म्हणजे शोधणाऱ्याला तो सापडेल. पुढे जायचं असेल तर साध्या एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न), लॉग वाचणं आणि एपीआयला (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलण्याच्या सोयीला) विनंती पाठवून पाहणं या तीन गोष्टी या क्रमाने शिका. एल२, टेस्टिंग, इम्प्लिमेंटेशन, ग्राहकांचं ट्रेनिंग, प्रॉडक्ट या सगळ्या विभागांत सपोर्टमधून आलेली माणसं असतात. ग्राहक कुठे अडखळतो हे त्यांना इतरांपेक्षा चांगलं माहीत असतं.

शिफ्ट संपताना उघड्या टिकेटांची हँडओव्हर नोट लिहा. प्रत्येकासाठी तीन ओळी पुरतात: ग्राहकाला आपण शेवटचं काय सांगितलंय, आपण कोणाच्या उत्तराची वाट पाहतोय, आणि ग्राहकाला पुढचा निरोप किती वाजता द्यायचं कबूल केलंय. यांतली तिसरी ओळ राहून जाते, म्हणून ती सगळ्यात आधी लिहा.